आकाशातले इंजिन आणि खामगावचा बॉयलर

नकाशावर मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि मेहकरच्या परिसरावरून जाते. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, पण मुंबईहून नागपूर आणि त्यापलीकडे जाणाऱ्या विमानांचा मार्ग या मुलखावरून किंवा त्याच्या आसपासून गेलेला आहे. त्यातली बहुतेक विमाने आज दोन जेट इंजिनांवर उडतात. एवढ्या माणसांचा जीव ज्या दोन यंत्रांवर टांगलेला असतो, ती किती वेळा बंद पडतात? थोडक्यात उत्तर असे की फार क्वचित, इतके की हजारो तास उडूनही अनेक वैमानिकांना निवृत्तीपर्यंत हवेत इंजिन बंद पडल्याचा अनुभव येत नाही. हे यश आपण सहसा धातुशास्त्राच्या आणि संगणकाच्या खात्यावर टाकतो. त्यांचा वाटा मोठा आहेच. पण इंजिनांचा इतिहास नीट पाहिला तर या भरवशाचे खरे मूळ एका जुन्या रीतीत सापडते. यंत्राची नोंद ठेवायची, मालकाशी संबंध नसलेल्या माणसाने ते तपासायचे, बिघाड झाला तर तो लपवायचा नाही, आणि एका बिघाडाचा धडा साऱ्यांना लागू करायचा, अशी ती रीत. ती विमानांच्या फार आधी, वाफेच्या काळात जन्माला आली. म्हणून तिची गोष्ट सांगताना सुरुवात खामगावपासून करणे रास्त ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ झाली. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर आणि शेगाववरून पुढे सरकला, १८६७ मध्ये नागपूरला पोचला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही छोटी शाखा खास कापसासाठी सुरू झाली. खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे, बुलढाण्यात तो १९०५ मध्ये आला. रेल्वेच्या मागोमाग जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर बॉयलर आले. बॉयलर म्हणजे दाबाखाली कोंडलेली वाफ. पत्रा गंजला, झडप अडकली किंवा पाणी कमी पडले की तो फुटतो आणि भोवतालच्या माणसांना घेऊन जातो. १८६३ मध्ये कलकत्त्यात असाच एक बॉयलर फुटून माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. नियमांचा हा विस्कळीतपणा संपवण्यासाठी १९२३ मध्ये एकच बॉयलर कायदा आला. त्यातल्या तीन तरतुदी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येणार नाही, आणि ते सर्वसाधारणपणे बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचे नसेल. अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवावे लागेल. आणि अपघाताच्या कारणाविषयी निरीक्षकाने लेखी विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर देणे बंधनकारक असेल. मुदतीची तपासणी, तातडीची खबर आणि कारणाचा शोध या तीन गोष्टी पुढे विमानाच्या इंजिनापर्यंत कशा पोचल्या, हाच या लेखाचा विषय आहे.

विमानाची पहिली व्यापारी इंजिने पिस्टनची होती. १९४९ मध्ये, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत फिरत. मुंबई आणि नागपूर यांच्यामधला प्रवास तेव्हाही याच पट्ट्यावरून होई. या कामातल्या डकोटा विमानाला दोन इंजिने असत. प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, शिवाय झडपा, दांडे, स्प्रिंगा. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा पुढे जातो, थांबतो आणि मागे येतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग सतत हिसके खात असतो. असे इंजिन हवेत बंद पडणे हा त्या काळी वैमानिकाच्या कामाचाच एक भाग होता. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या डकोटाची इंजिनाने साथ सोडली आणि विमान कोसळले. तेरा माणसे गेली. कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. त्याच वर्षी अमेरिकेने नियम केला की दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून, एका इंजिनावर उडत, साठ मिनिटांपेक्षा जास्त लांब जाऊ नये. दुसरे इंजिन तासाभरापेक्षा अधिक टिकेल असे धरून चालायला कोणी तयार नव्हते, हा त्या नियमाचा अर्थ. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले तेव्हा त्याला चार इंजिने होती, ती याच हिशेबाने.

जेट इंजिनाने हा हिशेब पालटला. त्यात पुढे-मागे धावणारे काही नाही, सगळे एकाच दिशेने फिरते. पुढून हवा आत येते, कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या रांगा ती दाबतात, मधल्या कोठीत इंधन जळते आणि तप्त वायू टर्बाइनला फिरवत मागे निघून जातो. एअर इंडियाने १९६० मध्ये रोल्स-रॉइसच्या कॉनवे इंजिनांची बोइंग ७०७ विमाने आणली आणि १९६२ पर्यंत आपला सगळा ताफा जेटचा केला. इंडियन एअरलाइन्सकडे १९६४ मध्ये फ्रेंच बनावटीची कॅरेव्हेल आली. हिसके गेले, पण त्यांच्या जागी दुसरी दोन संकटे आली, उष्णता आणि वेग. आधुनिक इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या रांगेवर येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. पात्याच्या पोटातून बारीक छिद्रांवाटे थंड हवा खेळवली जाते म्हणून ते टिकते. हे पाते निकेलच्या मिश्रधातूच्या एकाच स्फटिकातून ओतले जाते, कारण स्फटिकांच्या सांध्यावरच तडा सुरू होतो. आणि ज्या चकत्यांवर ही पाती बसवलेली असतात, त्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात. पाते तुटले तर इंजिनाच्या कवचाने ते आतच अडवावे असा नियम आहे आणि प्रमाणपत्र देण्याआधी चालत्या इंजिनातले पाते मुद्दाम तोडून ते सिद्ध करावे लागते. चकती फुटली तर मात्र तिचा तुकडा अडवणारे कवच विमानाला पेलणार नाही इतके जड होईल. म्हणून चकती फुटूच नये, एवढा एकच उपाय उरतो.

ती फुटली तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरेव्हेलचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच बिघडले. वैमानिकाने विमान वळवले, पण धावपट्टीवर पोचण्याआधीच ते जळत खाली आले. विमानातली सर्व ९५ माणसे मृत्युमुखी पडली. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातली चकती धातूच्या थकव्यामुळे तडकून फुटली होती, तिच्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या कापल्या आणि आग लागली. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच जागा पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. चकतीचेही तसेच, प्रत्येक उड्डाणात ती एकदा ताणली जाते आणि एकदा सैल होते. आता याच्या शेजारी त्या काळातले जेट विमानांचे इतर काही मोठे अपघात ठेवून पाहावेत. जुलै १९६२ मध्ये अलितालियाचे विमान जुन्नरच्या डोंगरात आदळले आणि ९४ माणसे गेली, ते मार्ग चुकल्याने. जानेवारी १९६६ मध्ये डॉ. होमी भाभांना घेऊन जाणारे ‘कांचनगंगा’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळले, ते स्थानाच्या गैरसमजाने. १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळच्या समुद्रात ‘सम्राट अशोक’ कोसळून २१३ माणसे बुडाली, ते विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडल्याने आणि त्यातून वैमानिकाची दिशाभूल झाल्याने. चारांपैकी एकाच अपघाताचे मूळ इंजिनात होते. जेटच्या पहिल्या दोन दशकांतच इंजिन हा विमानातला सर्वांत कच्चा दुवा उरला नव्हता.

असे का झाले, याचे उत्तर कारखान्यापेक्षा नोंदवहीत अधिक स्पष्ट दिसते. चकतीसारख्या भागाचे आयुष्य उड्डाणांच्या संख्येत मोजले जाते. प्रत्येक चकतीला स्वतःचा क्रमांक असतो, ती कोणत्या इंजिनात किती वेळा उडाली याची नोंद तिच्याबरोबर जन्मभर फिरते, आणि ठरलेला आकडा भरला की ती दिसायला कितीही चांगली असली तरी मोडीत काढली जाते. नोंद हरवलेली चकती वापरताच येत नाही. हे बॉयलरच्या वार्षिक प्रमाणपत्राचेच पुढचे रूप आहे. पण नोंदींनी एक अनपेक्षित गोष्टही शिकवली. विमानाचा प्रत्येक भाग ठरावीक तासांनी खोलून पुन्हा जुळवला की तो सुरक्षित राहतो, असा जुना समज होता. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या अभियंत्यांनी नोंदी तपासून १९७८ मध्ये अहवाल दिला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी सुमारे ११ टक्केच भागांत वय वाढले की बिघाड वाढतो असे दिसले. उरलेल्या बहुसंख्य भागांचा वयाशी असा संबंध नव्हता, उलट खोलून जुळवल्यानंतर लगेच बिघडणारे भाग बरेच होते. तेव्हापासून जिथे थकवा निश्चित आहे तिथे आयुष्य मोजायचे आणि बाकीच्या ठिकाणी प्रकृती पाहायची, अशी दुहेरी पद्धत रूढ झाली. बोअरस्कोपच्या बारीक नळीतून पात्यांच्या कडा तपासल्या जातात, तेलात धातूचे कण आले का ते पाहिले जाते, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान उड्डाणागणिक नोंदवून त्याचा कल बघितला जातो. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारून २०१५ मध्ये एअर इंडियाकडे सोपवलेल्या देखभाल केंद्रासारख्या ठिकाणी चालते ते हेच काम.

या शिस्तीचे फळ आकड्यांत मोजता येते. १९८५ मध्ये दोन इंजिनांच्या विमानांना विमानतळापासून १२० मिनिटे लांब जाण्याची परवानगी मिळाली, अट अशी की त्या जातीचे इंजिन हवेत बंद पडण्याचे प्रमाण हजार तासांना सुमारे ०.०५ च्या आत असावे. १९८८ मध्ये १८० मिनिटांची मुभा आली आणि अट ०.०२ वर गेली, म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा. त्याहून लांब जाण्यासाठी ०.०१, म्हणजे लाख तासांत एकदा. दिवसाला दहा तास उडणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत याचा अर्थ सरासरी सत्तावीस वर्षांत एकदा असा होतो. ‘मलबार प्रिन्सेस’ने चार इंजिनांनिशी, दोन थांबे घेत लंडन गाठले होते. एअर इंडियाने २००७ मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान सुरू केले, ते दोन इंजिनांचे. यावर कोणी म्हणेल की लाखाला लाखाने गुणले तर दोन्ही इंजिने एकाच तासात बंद पडण्याची शक्यता हजार कोटीत एक निघते, मग चिंता कशाची? हा हिशेब फसवा आहे, कारण दोन्ही इंजिनांवर एकच संकट एकाच वेळी येऊ शकते. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्ष्यांचा थवा शिरला आणि ते हडसन नदीवर उतरवावे लागले. त्याआधी, मे १९८३ मध्ये, मायामीहून नासाऊला निघालेल्या विमानाची तिन्ही इंजिने तेल गळून बंद पडली, कारण तिन्हींवर एकाच पाळीत रबरी कडी बसवायची राहिली होती. एक इंजिन कसेबसे पुन्हा चालू झाले आणि विमान परत उतरले. कोणी दगावले नाही, तरी चौकशी झाली. आज लांब पल्ल्याच्या विमानात एकाच कारागिराने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करणे टाळले जाते. दोन इंजिने एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र राहतात ती अशा नियमांमुळे.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आपल्याच देशातून येतो. इंजिने एवढी भरवशाची असतील तर गेल्या काही वर्षांत भारतात घडले ते काय? एअरबस ए ३२० निओ विमानांवरची प्रॅट अँड व्हिटनीची नवी इंजिने वारंवार त्रास देऊ लागली. मार्च २०१८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोची आठ आणि गोएअरची तीन विमाने जमिनीवर उभी केली. २०१९ मध्ये इंजिने हवेत बंद पडण्याचे प्रसंग थोड्याच दिवसांत लागोपाठ घडल्यावर इंडिगोला सुधारित इंजिने बसवण्याचा आदेश निघाला. २०२३ च्या मे महिन्यात मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्ट कंपनीने इंजिने मिळत नसल्याचे कारण देत दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने तो ठपका नाकारला. त्याच वर्षी काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि जगभरची शेकडो इंजिने तपासणीसाठी पंखांवरून उतरवावी लागली. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. नवे इंजिन टिकाऊपणात उणे पडले, त्याची किंमत कंपन्यांनी, कामगारांनी आणि प्रवाशांनी मोजली. पण १९७६ मध्ये चकतीतला तडा कळला तो विमान जळाल्यावर, आणि २०२३ मध्ये चकतीचा दोष मोठा अपघात घडण्याआधी शोधून इंजिने खाली उतरवली गेली. इंजिन कधीच बिघडत नाही असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. बिघाड माणसांपर्यंत पोचण्याआधी पकडला जाईल, एवढाच भरवसा मागता येतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान उडाल्यावर काही क्षणांत कोसळले. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसे गेली. दोन्ही इंजिनांची ताकद जवळजवळ एकाच वेळी नाहीशी झाली होती. महिन्याभरात आलेल्या प्राथमिक अहवालात असे नोंदले आहे की इंधनाचे दोन्ही स्विच एकामागोमाग एक, सुमारे सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेले आणि नंतर परत चालू स्थितीत आले, पण सावरायला उंची उरली नव्हती. ते स्विच का हलले, हे प्राथमिक अहवाल सांगत नाही, आणि त्याविषयी तर्क करणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. इंजिन मोडणे आणि इंजिनाला इंधन न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अभियंत्याच्या दृष्टीने खरे. प्रवाशाच्या दृष्टीने त्यात फरक नाही, आणि तीच दृष्टी अखेर योग्य आहे. त्यामुळे भरवसा एकट्या यंत्राचा मोजून भागत नाही. इंधन, स्विच, देखभाल, प्रशिक्षण, नियम आणि नियामक अशी ती साखळी आहे. तरीही अपघातानंतर महिन्याभरात सेकंदासेकंदाचा तपशील देशासमोर ठेवला गेला, याचे मोल कमी नाही. बॉयलर कायद्याने चोवीस तासांत जी खबर मागितली होती, तिचेच हे मोठे रूप.

तिसरा आक्षेप ज्या मुलखापासून हा लेख सुरू झाला तिथला आहे. ही सगळी शिस्त पैसेवाल्या उद्योगाला परवडते, बुलढाण्याच्या माणसाला तिचा काय उपयोग? मला वाटते, हा प्रश्न उलटा विचारायला हवा. मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या त्याच सरळ पट्ट्यावर आज समृद्धी महामार्ग आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ त्याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मेले. एवढी माणसे विमानात गेली असती तर त्या जातीच्या प्रत्येक विमानाची तपासणी झाली असती, कारणांचा अहवाल छापला गेला असता आणि त्यातली प्रत्येक शिफारस पाळली गेली की नाही, हे विचारणारी यंत्रणा उभी असती. रस्त्यावरच्या अपघातात बहुधा गुन्हा दाखल होतो, चालकाच्या नावावर ठपका येतो आणि मदतीचे धनादेश वाटले जातात. दोषी शोधणे आणि कारण शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. विमान वाहतुकीने ती वेगळी केली, त्यासाठी भारतात २०१२ मध्ये अपघात तपासाचा स्वतंत्र विभागही स्थापला. रस्त्याने ती अजून वेगळी केलेली नाहीत. ही शिस्त महाग आहे म्हणून परवडत नाही, असेही म्हणता येणार नाही. खामगावच्या जिनिंगला विमान कंपनीइतका पैसा कधीच नव्हता, तरी तिच्या बॉयलरला प्रमाणपत्र, निरीक्षक आणि अपघाताची लेखी खबर शतकापूर्वीच्या कायद्याने लागू केली. बस, ट्रॅक्टर, ट्रक आणि मळणीयंत्र यांच्या अपघातांना तीच रीत लावायला नवा धातू किंवा परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक मोठ्या अपघाताची कारणे स्वतंत्रपणे शोधून ती लोकांसमोर छापणे आणि तो धडा साऱ्या वाहनांना लागू करणे, हे जिल्ह्याच्या आणि राज्याच्या आवाक्यातले काम आहे. जेट इंजिन भरवशाचे झाले ते त्याच्या प्रत्येक अपयशाचा हिशेब कोणीतरी मागितला म्हणून. तो हिशेब रस्त्यावरही मागण्याचा हक्क बुलढाण्याच्या माणसाला आहे, आणि तो त्याने मागायला हवा.